घरी राईट केलेल्या मिक्स सीडी: पाठवा, ऐका आणि सविस्तर लिहा

मध्यलय:
स्वतः गाणी निवडून, क्रम लावून, घरी राईट केलेली सीडी एकमेकांना पाठवायची आणि आलेल्या सीडीवर मनापासून लिहायचं, एवढ्यासाठी हा धागा काढतेय.

हल्ली गाणी पाठवायची म्हटलं की लिंक जाते. मीही पाठवते. पण लिंकमध्ये पाचशे गाणी मावतात, त्यामुळे पाठवणाऱ्याला काहीच गाळावं लागत नाही. सीडीवर 80 मिनिटं मिळतात, जुन्या कोऱ्या सीडीवर तर 74च. वीस मिनिटांचा ख्याल घेतला की पाच-सहा गाण्यांवर पाणी सोडावं लागतं, आणि काय सोडलं यावरून पाठवणाऱ्याचा कान कळतो. शिवाय एकदा राईट केली की बदल नाही. सीडी-आरमधल्या रंगाच्या थरावर लेझरने जे उमटतं ते पुसता येत नाही. सहावं गाणं कायम सहावंच.

सीडी साध्या ऑडिओ स्वरूपात करा. एमपीथ्री भरलेली डेटा सीडी नको, तिच्यावर शंभर-दीडशे गाणी बसतात आणि पुन्हा तीच गत होते. गाणी स्वतःकडच्या रेकॉर्ड, कॅसेट, विकत घेतलेल्या सीडी यांवरून घ्या. विक्री अजिबात नाही. यादी वेगळ्या बंद पाकिटात घाला. ऐकणाऱ्याने पहिल्यांदा यादी न बघता, मधलं काही न गाळता सलग ऐकायचं, मग पाकीट फोडायचं, पुन्हा ऐकायचं आणि मगच लिहायला बसायचं.

लिहिताना एक विनंती. गाणं किती सुंदर आहे याचं श्रेय गाणाऱ्याचं. सीडी करणाऱ्याचं काम दोन गाण्यांच्या मधे असतं. चौथ्यातून पाचव्यात जाताना काय झालं, कुठे कान टवकारले, कुठे लक्ष उडालं, हे लिहा. 'मस्त कलेक्शन' एवढ्यावर कुणाची बोळवण करू नका. समोरचा माणूस महिनाभर क्रम लावत बसलेला असतो.

उलटीबाजू:
+१. असा धागा हवाच होता.

कॅसेटवाल्यांच्या वतीने एक मुद्दा. 90 मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला 45 मिनिटं. म्हणजे एका कॅसेटमध्ये दोन सुरुवाती आणि दोन शेवट. ए बाजू संपली की खट्कन बटण वर यायचं, उठून कॅसेट उलटी करेपर्यंत कानाला उसंत मिळायची. सीडीवर सगळं एका दमात जातं आणि माझ्या ऐकण्यातल्या बहुतेक मिक्स सीडी पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास ढेपाळतात, कारण हुकमाची पानं आधीच टाकून झालेली असतात. मी अजूनही कागदावर दोन बाजू आखतो. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास मुद्दाम मोकळी जागा ठेवतो. तिथे मिनिटभर एकटा तानपुरा, किंवा एखाद्या मैफलीतलं तबला जुळवणं. त्यानंतरचं गाणं पहिल्या गाण्याइतक्याच तयारीने निवडतो.

कानोसा:
मध्यांतर मला पटत नाही. सीडी करणाऱ्याने ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत धरून ठेवायचं असेल तर मधे दार उघडून कशाला द्यायचं? आणि 80 मिनिटं भरलीच पाहिजेत अशी सक्ती कुणी केली? म्हणणं 52 मिनिटांत संपत असेल तर तिथेच थांबा. माझ्याकडे आलेल्या सर्वांत चांगल्या मिक्स सीडीवर जवळजवळ अर्धा तास जागा रिकामी होती.

गाळणी:
क्रमावर इतकं बोलणं चाललंय, तर दोन गाण्यांच्या सांध्याच्या तांत्रिक बाजूबद्दल लिहितो. उत्तम लावलेला क्रम बहुतेक वेळा तिथेच मार खातो.

पुष्कळ सॉफ्टवेअर आपणहून दोन ट्रॅकच्या मधे 2 सेकंदांची शांतता घालतात. खरं तर ऑडिओ सीडीत ती फक्त पहिल्या ट्रॅकच्या आधी सक्तीची आहे, बाकी सगळीकडे शून्यावर आणता येते. त्यासाठी राईट करताना 'डिस्क ॲट वन्स' निवडायचं. 'ट्रॅक ॲट वन्स'मध्ये दर ट्रॅकनंतर लेझर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, त्यामुळे फट राहते. मैफलीचं रेकॉर्डिंग दोन ट्रॅकमध्ये तोडलेलं असेल तर भर टाळ्यांमध्ये दोन सेकंद ठार शांतता होते आणि ऐकणारा दचकतो.

आता कापायचं कुठे. ऑडिओ सीडीवर एका सेकंदाचे 75 भाग असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. ट्रॅकची हद्द फ्रेमवरच पडू शकते. एका फ्रेममध्ये ध्वनीचे 588 नमुने असतात (सेकंदाला 44100, भागिले 75). तुमची फाईल फ्रेमच्या मधेच संपली तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. गाणं विरून संपत असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. पण तानपुरा एका ट्रॅकमधून पुढच्यात सलग वाहत जायचा असेल तर एवढ्याशा भरतीनेही 'टक्' असा आवाज येतो. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कर्सर सीडीच्या फ्रेमला चिकटवायची सोय असते, ती चालू करा. मी त्याहून सोपी वाट धरतो: सगळी सीडी एकच लांब फाईल म्हणून जोडतो आणि कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते क्यू शीटमध्ये, म्हणजे सोबतच्या छोट्या मजकूर-फाईलमध्ये, मिनिट, सेकंद, फ्रेम असं लिहून देतो. मग सांध्यात काही शिरायला जागाच उरत नाही.

शक्य तोवर एमपीथ्रीवरून सीडी करू नका. दर्जाचा वाद बाजूला ठेवला तरी एमपीथ्री करताना फाईलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. वाजवताना ती काढून टाकणारे प्लेयर आहेत, पण सीडी राईट करताना ती तशीच उतरू शकते. मूळ सीडीवरून वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारे फाईलचे प्रकार) घ्या.

पेटीवाली:
वाचनखूण साठवली. राईट करायचा वेग किती ठेवावा? अगदी सावकाश करावी असं बरेच जण सांगतात.

गाळणी:
मी 16 पट (सीडी वाजते त्याच्या 16 पट वेग) ठेवतो, पूर्ण भरलेल्या सीडीला पाचेक मिनिटं लागतात. आजच्या कोऱ्या सीडी आणि ड्राइव्ह मधल्या वेगासाठीच घडवलेले असतात, 1 पटाचा हट्ट नको. मात्र देवाणघेवाणीत सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा राईट करता येणारी सीडी) वापरू नका. तिच्यावरून प्रकाश इतका कमी परावर्तित होतो की बरेच जुने प्लेयर ती वाचतच नाहीत.

कानोसा:
गाळणींनी फटींचं लिहिलं, मी आवाजाच्या पातळीचं लिहिते. या एका गोष्टीने माझा सगळ्यात जास्त रसभंग होतो. 1950च्या सुमाराच्या तबकडीवरून घेतलेलं गाणं आणि त्याला लागून 2000 नंतरच्या सीडीवरचं गाणं. दुसरं सुरू होताच हात आवाज कमी करायला धावतो, आणि पहिल्या गाण्याने जे काही जमवलं होतं ते तिथेच संपतं.

सॉफ्टवेअरमधलं पातळी वाढवायचं 'नॉर्मलाइज'चं बटण दाबून हे सुटत नाही. ते बटण बहुधा फक्त सर्वांत उंच टोक मोजतं. जुन्या तबकडीवरचा एक 'खट्' त्या टोकाला पोचलेला असतो आणि गाणं मात्र खालीच राहतं. कानाला जाणवणारी पातळी मोजणाऱ्या पद्धती वेगळ्या आहेत: 2001 सालापासून रिप्लेगेन आहे, 2010 मध्ये युरोपातल्या प्रसारकांनी आर 128 हे मापन आणलं. त्यांचा आधार घ्या, पण शेवटचा शब्द कानाचा. मी दर सांध्याच्या आधीची आणि नंतरची वीस-वीस सेकंदं अगदी हळू आवाजात ऐकते. हळू आवाजात चढउतार चटकन उघडे पडतात. आणि बारीक गाणं वर ओढण्यापेक्षा मोठं गाणं खाली आणते. वर ओढलं की खरखरही वर येते.

खरखरीवरून आठवलं. ती पूर्ण काढायच्या मागे लागू नका, माझी हात जोडून विनंती आहे. खरखर जिथे असते तिथेच वरच्या पट्टीतला श्वास असतो, 'स' आणि 'श' असतात. सगळं धुऊन काढलं की गायिका उशीत तोंड खुपसून गातेय असं वाटतं. मोठे 'खट्' तेवढे हाताने काढा.

खर्ज:
बंद पाकिटाला माझा विरोध आहे. आधीच गाणारा, वाजवणारा, कवी, संगीतकार यांची नावं ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीने गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या 'माय नेम इज गौहर जान' असं ठणठणीत आवाजात सांगत. तबकड्या घडायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळायला हवं म्हणून. तीनएक मिनिटांची जागा, त्यातले काही सेकंद नावासाठी राखलेले. आपण तेच नाव पाकिटात घालून चिकटवून टाकायचं?

मध्यलय:
खर्ज, मुद्दा मोलाचा आहे आणि मला त्यातून नियम आणखी कडक करावासा वाटतो. यादी पूर्णच हवी. गायक, कवी, संगीतकार, साथीदार ठाऊक असतील तर साथीदारही, रेकॉर्डिंगचं साल, आणि कुठल्या सीडीवरून किंवा तबकडीवरून घेतलं ते. नुसतं 'ट्रॅक 07' लिहिलेली यादी चालणार नाही.

पाकीट मात्र पहिल्या ऐकण्यापुरतं बंद राहू दे. नाव आधी दिसलं की आपण नावच ऐकतो. मोठं नाव असेल तर माना आधीच डोलायला लागतात, आणि अनोळखी असेल तर हात पुढच्या गाण्याकडे जातो.

खर्ज:
पूर्ण यादी असेल तर माझी हरकत नाही. साथीदारांची नावं शोधायला मी मदत करेन, जुन्या कव्हरच्या मागच्या बाजूंचा बराच संग्रह माझ्याकडे आहे.

मध्यलय:
पहिला अभिप्राय मीच लिहिते.

पेटीवाली यांची 'भाता' आली. 14 ट्रॅक, 63 मिनिटं.

पहिला ट्रॅक अर्ध्या मिनिटाचा. पेटीचा भाता, एकही पट्टी न दाबता. हवा आत, हवा बाहेर, मधे लाकडाची किंचित कुरकुर. हे काय चाललंय असं म्हणेपर्यंत दुसरा सुरू झाला. एक बाई अंगाईसारखं काहीतरी गातेय, भाषा माझ्या ओळखीची नाही, आणि प्रत्येक ओळीच्या आधीचा तिचा श्वास लख्ख ऐकू येतो. पहिला ट्रॅक नसता तर मी ते श्वास ऐकलेच नसते.

सगळ्यात सुंदर जागा पाचव्या आणि सहाव्याच्या मधली. पाचव्यात शनई. जुनी तबकडी, खरखर बरीच. मुख्य शनई थांबते, सूर धरणारी शनई तशीच चालू राहते, आणि त्याच सुरात दुसरं काहीतरी येऊन मिसळतं, जास्त जाड, लाकडी, घशातून आल्यासारखं. मला वाटलं शनईच खालच्या सप्तकात उतरली. खरखर कधी विरली ते कळलंही नाही. पाकीट फोडल्यावर समजलं की ते आर्मेनियाचं दुदुक, जर्दाळूच्या लाकडाचं वाद्य. तिथेही एक जण वाजवतो आणि दुसरा नाकाने श्वास घेत, गालात साठवलेली हवा सोडत, एकच सूर अखंड धरून बसतो. शनईच्या मागे सूर धरणाराही असाच बसतो. दोन इतक्या लांबच्या संगीतांत असलेली ही सोय पेटीवालींनी चकार शब्द न लिहिता ऐकवली. ती सात-आठ सेकंदं मी पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

पातळी सगळीकडे सांभाळलेली आहे. आठवा ट्रॅक जरा उंच वाटला, पण तो ब्रास बँड आहे, त्याने उंच असावंच.

आता न पटलेली जागा. 9, 10, 11. चर्चमधला ऑर्गन, मग बासरीची आलापी, मग संथ ॲकॉर्डियन. तिन्ही स्वतंत्रपणे चांगले, पण सलग तेरा मिनिटं ठेका म्हणून नाही. अकराव्याच्या मध्यावर माझं लक्ष उडालं. बाराव्याला माउथ ऑर्गनवर आगगाडीची नक्कल येते, तेव्हा पुन्हा सावरून बसले. ती आगगाडी दहाव्या जागी आली असती तर बासरी आणि ॲकॉर्डियन दोन्ही जास्त उठून दिसले असते.

शेवटी कुणाची तरी शीळ. वाद्य नाही, शब्द नाहीत. हा शेवट मला सुचला नसता.

उलटीबाजू:
'भाता' माझ्याकडेही आहे. 9 ते 11 बद्दल मध्यलय यांच्याशी असहमत. आठव्याच्या ब्रास बँडनंतर मला तेवढी शांतता हवीच होती, आणि ऑर्गनचा शेवटचा सूर दगडी भिंतींत घुमत असताना बासरी ज्या बेताने आत येते ती जागा आगगाडी मधे घातल्यावर मोडेल. (कानोसा, मध्यांतर म्हणतो ते हेच!)

गाळणी:
शनई आणि दुदुक इतके एका सुरात कसे बसले? योगायोग की वेग बदललाय?

पेटीवाली:
वेग बदललाय. शनई दुदुकच्या थोडी खाली होती, म्हणून तबकडीचं रेकॉर्डिंग साडेतीन टक्के जलद केलं. पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे वेगात साधारण 6 टक्के. म्हणजे माझा बदल अर्ध्या पट्टीच्या थोडा वर गेला. यादीत तसं लिहिलंय.

उलटीबाजू:
हे वाचून अस्वस्थ झालो. सांधा मलाही आवडला होता. पण वाजवणाऱ्याने जी पट्टी निवडली ती त्याची. आपल्या सोयीसाठी ती हलवायची का?

पेटीवाली:
मूळ पट्टी कोणती हेच जुन्या तबकडीवरून नक्की होत नाही. त्यांना सरसकट 78च्या (मिनिटाला 78 फेरे) म्हणतात, पण सुरुवातीच्या काळात सगळीकडे नेमक्या त्याच वेगाने रेकॉर्डिंग होत नसे. मी तबकडी 78ने फिरवली तोही अंदाजच. त्या अंदाजाच्या आवाक्यात राहून सुराला सूर जुळत असेल तर मी जुळवेन. गायलेल्या गाण्याला मात्र मी हात लावत नाही. वेग वाढवला की गाणाऱ्याचं वय कमी होतं, ते मला सहन होत नाही.

खर्ज:
पेटीवालींना अनुमोदन, त्यातही यादीत लिहिलंय याला जास्त. वेग, काटछाट, पातळी, जे काही बदललं असेल ते यादीत यावंच.

नवाकान:
मी इथे नवीन. माझ्याकडे उलटीबाजू यांची सीडी आली. आमच्याकडे सीडी वाजवायला काही नव्हतं, काकांकडून जुना प्लेयर आणला.

मला त्यातला सातवा ट्रॅक सांगायचाय. मैफलीतलं रेकॉर्डिंग आहे. गाणं संपतं, टाळ्या होतात, आणि मला वाटलं आता पुढचं गाणं. पण ट्रॅक चालूच राहतो. कुणीतरी खोकतं, पेल्याचा आवाज येतो, गायिका हळूच विचारते, 'बरं चाललंय ना?' तबलजी हातोडीने दोनदा ठोकून तबला जुळवतो. मग आठवा ट्रॅक सुरू होतो, तो दुसऱ्याच गायिकेचा, स्टुडिओतला, पण तबला बरोबर त्याच सुरातला! अंगावर काटा आला. असं गाणं मी आधी कधी ऐकलंच नव्हतं, मी नेहमी एकेक गाणं निवडून लावते. यादीत हे सगळं 'मध्यांतर, 1 मि. 10 से.' असं लिहिलंय.

उलटीबाजू:
नवाकान, तुम्ही नेमकी तीच जागा उचललीत, फार बरं वाटलं. टाळ्या कापताना एक पथ्य पाळतो: समेवर कधीच कापत नाही. समेनंतर दाद उठते, ती पूर्ण उठू देतो आणि ओसरायला लागली की पाच-सहा सेकंदांत विरवतो. या ट्रॅकमध्ये विरवलंही नाही, कारण पुढचं बोलणं टाळ्यांहून मोलाचं होतं.

कानोसा:
मध्यांतराच्या विरोधात लिहिलं होतं, पण नवाकान यांचं वाचून ती सीडी ऐकायची इच्छा झालीय. उलटीबाजू, पुढची प्रत मला.

गाळणी:
पाठवणाऱ्यांसाठी थोडं. सीडीवर कागदी स्टिकर चिकटवू नका. जरा तिरका बसला की फिरताना तोल जातो, आणि पुढे कडा सुटून प्लेयरमध्ये अडकतो. सीडीचे मार्कर मिळतात त्यांनी लिहा, बॉलपेनने नको. लोक खालची चकचकीत बाजू जपतात आणि वरची कशीही ठेवतात, पण माहितीचा थर वरच्या बाजूला, पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. खालून 1.2 मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक आहे, तिथला बारीक ओरखडा चालून जातो. वरून खरवडलं तर गाणं गेलं. उन्हात ठेवू नका, रंगाचा थर उडतो.

पेटीवाली:
मध्यलय, तुमचा अभिप्राय वाचून आगगाडी दहाव्या जागी टाकून दुसरी प्रत केली आणि दोन्ही प्रती ऐकल्या.

तुमचं एक म्हणणं खरं ठरलं: आगगाडीनंतर बासरी फार सुंदर लागते. धापा टाकणारा माउथ ऑर्गन थांबतो आणि एक लांब श्वास सुरू होतो. पण उलटीबाजू म्हणतात तसा ऑर्गनचा शेवट वाया जातो. त्याची घुमण संपायला अकरा सेकंद लागतात, आणि आगगाडीची पहिली शिट्टी ती घुमण कापून टाकते. वर अकराव्या जागी गेलेली बासरी आणि बाराव्यातलं ॲकॉर्डियन एकाच पट्टीत असल्याने दोन्ही मिळून एकच लांब तुकडा वाटतो.

म्हणून तिसरी प्रत केलीय. 9 ऑर्गन, 10 बासरी, 11 आगगाडी, 12 ॲकॉर्डियन. सलग संथ वाजणं तेरा मिनिटांवरून साडेआठवर आलं आणि ऑर्गन-बासरीचा सांधा तसाच राहिला. हीच प्रत तुम्हाला पाठवतेय. यादीवर 'दुसरा क्रम' असं लिहिलंय, जुनी प्रत टाकू नका. कानोसा यांनाही एक पाठवते, आठव्या ट्रॅकची पातळी त्यांच्या कानाने तपासून हवी आहे.